मुलाला धरा रे

६ जानेवारी २०२५, सोमवार

कर्र. कर्र. टक्. आणि मग एका दमात ओढलेली लांब कर्रर्रर्र.

दुपारी जेवून आडवा झालो होतो. डोळा लागता लागता हा आवाज आला आणि मी ताडकन उठून बसलो. बावन्न वर्षांनी! आधी अक्षरांच्या उभ्या काठ्या, मग दौतीच्या ओठावर टाक निथळल्याचा टक्, आणि शेवटी सबंध शब्दावरून फिरलेली शिरोरेषा. दुर्गाबाईंच्या छापखान्यात मागच्या खोलीत गेनबा लिहायला बसला की असा आवाज यायचा. पुढच्या खोलीत बसून मी त्या तालावर ओळी जुळवायचो. तसा ताल मला पुढे कुठल्याही घड्याळात सापडला नाही.

प्रत्यक्षात सरोजिनी स्वयंपाकघरात कढईचा लागलेला तळ खरवडत होती.

"काय झालं हो?"

"काही नाही. जुना एक आवाज ऐकू आला."

"बरं आहे. मी तासभर दूध आणा म्हणतेय, ते नवं मात्र ऐकू येत नाही."

आवाजाला कारण आहे. काल अनिरुद्ध नावाच्या एका गृहस्थांचा फोन आला. हिंजवडीला कंपनीत आहेत, चाळिशीचे असतील. जुनी कॉमिक्स जमवतात. "‘विद्युतराव’चं मराठी करणारे सर आपणच ना? सर, तीन वर्षं मी तुम्हाला शोधतोय!" शाळेतून निवृत्त झाल्यापासून मला फक्त पेन्शनवाले शोधतात, तेही हयातीच्या दाखल्यासाठी. गुरुवारी येतो म्हणाले. वहीत खोटं कशाला लिहू, हरखलो आहे.

९ जानेवारी, गुरुवार

किळस. दुसरा शब्द सुचत नाही.

अनिरुद्ध आले, चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या, वाकून नमस्कार केला. इथवर ठीक. मग पिशवीतून पांढरे हातमोजे काढून दाताच्या डॉक्टरसारखे चढवले आणि जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचा एक चपटा डबा टेबलावर ठेवला. आत ‘विद्युतराव’चा बाविसावा अंक. चारी बाजूंनी सीलबंद.

"स्लॅब म्हणतात सर याला."

"आमच्याकडे स्लॅब डोक्यावर घालतात," मी म्हटलं.

डब्याच्या कोपऱ्यात आकडा: नऊ पूर्णांक दोन. अंकाची प्रत किती उत्तम राहिली आहे, त्याचे हे दहापैकी गुण. चौतीस वर्षं मराठी शिकवलं, निबंधाला कुणाला दहात साडेसातच्या वर दिले नाहीत. आणि इथे कुणी हात लावला नाही म्हणून नऊ पूर्णांक दोन!

"उघडा की. वाचू या जरा."

ते दचकले. "ओपन? नाही नाही सर, ओपन केलं की संपलं ते."

"मग तुम्ही वाचता कधी?"

"वाचायला स्कॅन असतो ना. तसा मी हा इश्यू वाचलेला नाही. हा वाचायचा नसतो सर, होल्ड करायचा."

मग त्यांनी दुसरा, न कोंडलेला एक अंक काढला, त्याच्या पाठीच्या शिवणीत नाक खुपसलं, डोळे मिटले आणि ते लांब श्वास घेत राहिले. परक्याच्या उशीचा वास घेणाऱ्या माणसाकडे बघावं तसं मी बघत होतो. वीस पैशाला मिळायची ही पुस्तकं. पोरं ती भेळेच्या हातांनी वाचायची, गादीखाली लपवायची, पानं गळेपर्यंत एकमेकांना द्यायची. ज्या पानाला तेलाचा डाग नाही ते पान कुणी वाचलेलंच नाही. हे माझं मत. त्यांना सांगितलं. त्यांनी ते मोबाइलवर टिपून घेतलं.

विद्युतराव कोण, ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मलाच विसर पडला तर बरं. चित्रं परदेशातून यायची, फुग्यांमधलं इंग्रजी पुसलेली. मी तेव्हा बी.ए. करून बसलेलो. चिठ्ठ्यांवर मराठी संवाद लिहायचो आणि गेनबा ते टाकाने फुग्यांत उतरवायचा. त्या वीराचं मूळ नाव काहीतरी इंग्रजी होतं. मी ‘विद्युत’ सुचवलं, तर दुर्गाबाई म्हणाल्या, "नुसतं विद्युत काय? गडी आहे का तो आपला? राव लावा." त्याने विजारीवरून घातलेली लाल चड्डी बघून त्यांनी कपाळाला हात लावला आणि गेनबाला प्रत्येक अंकात ती काळ्या शाईने बुजवायला लावली. ताकदवान माणसाला घाई असते, पण इतकी नसते, असं त्यांचं म्हणणं.

आणि मी विद्युतरावांना वृत्तात बोलायला लावलं. भुजंगप्रयातात. पाचवीत आमच्या गुरुजींनी टेबलावर बोटं आपटत शिकवलेलं ते वृत्त मला आजही जेवताना सुचतं. आकाशात झेप घेताना विद्युतराव म्हणायचे, ‘निघालो निघालो नभाच्या दिशेने’. पोरं गच्चीच्या कठड्यावरून ते ओरडायची. तेवढी एकच माझी कविता लोकांच्या तोंडी बसली.

आता बाविसावा अंक. पान अकरा. चौथ्या मजल्यावरून एक मुलगा निसटतो. विद्युतराव लांब आहेत, पोचणार नाहीत. म्हणून ते खालच्या गर्दीला ओरडतात, ‘मुलाला धरा रे!’ छापून आलं: ‘मुलाला मारा रे!’

धरावेचं मारावे. पुण्यातच व्हायचं हे. शहर आठवडाभर हसलं. पालकांची पत्रं आली, दुर्गाबाईंनी गठ्ठे परत मागवून रद्दीत घातले. तीसेक प्रती निसटल्या. त्यांना म्हणे आता ‘ध-चा-मा प्रत’ म्हणतात आणि लोक त्यासाठी एकमेकांची तोंडं बघत नाहीत.

"पण सर, हे झालं कसं?"

मग मी नेहमीचं सांगितलं. अक्षर काढणारा गेनबा वारज्याचा, पाट्या रंगवून शिकलेला. त्याच्याकडे अक्षर होतं, अर्थ नव्हता. "पेशवाईत ध चा मा करायला वाड्यातली बाई लागली. आमच्याकडे पेंटरवर भागलं!"

अनिरुद्ध हातमोज्यांनी टाळ्या वाजवत हसले. त्या टाळीला आवाज नव्हता. एकोणीस तारखेला त्यांच्या मंडळाचा मेळावा आहे, तिथे स्टेजवर हे सांगा म्हणाले. हो म्हटलं.

ते गेल्यावर सरोजिनी कप उचलायला आली. "त्या गेनबांचं पुढे काय झालं हो?"

"लागला असेल कुठे तरी."

"लग्न झालं तेव्हाही मी हे विचारलं होतं."

"मग?"

"तेव्हाही हेच म्हणाला होतात."

१० जानेवारी

हात तीनदा धुतले. हातमोजे त्यांनी घातले होते, मी त्या डब्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं. तरी प्लॅस्टिकचा तो बुळबुळीतपणा जात नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

अनिरुद्ध सकाळीच दारात. तिळगुळाच्या डब्यावर विद्युतरावांचं चित्र, लाल चड्डीसकट. गोड बोला म्हणाले आणि लगेच कामाचं बोलले.

"सर, तुमच्या हातच्या ओरिजिनल चिठ्ठ्या? एखादी तरी उरली असेल ना?"

"एकच आहे. पान अकराची." तोंडातून निघून गेलं.

माणूस खुर्चीवरून उठून उभाच राहिला. "सर! म्हणजे तुम्ही ‘धरा’ लिहिलेला तो पेपर? तो आणि हा इश्यू शेजारी शेजारी, एका स्लॅबमध्ये! काय लिहिलं आणि काय छापलं! तुमच्यावरचा डागच निघून जाईल सर."

"माझ्यावर कसला डाग?"

"नाही म्हणजे, ऑनलाइन काही लोक म्हणतात ट्रान्सलेटरचीच मिस्टेक असेल. त्यांची तोंडं बंद होतील."

बघतो म्हटलं. चिठ्ठी पलंगाखालच्या ट्रंकेत आहे. ती का ठेवली, सांगता येत नाही. काही लोक पडलेले दातसुद्धा ठेवतात. ट्रंक उघडली नाही.

१९ जानेवारी, रविवार

मेळावा. घरी येऊन अंघोळ केली, तेव्हा कुठे लिहायला बसलो.

एरंडवण्यातला एक हॉल. टेबलांवर प्लॅस्टिकच प्लॅस्टिक. आत कोंडलेले शूर वीर, कुणी उडतोय, कुणी ठोसा मारतोय, सगळे मुरांब्यासारखे बरणीबंद. चाळिशी-पन्नाशीचे पुरुष बॅटरी लावून पुस्तकांच्या कडा तपासत होते, गुरांच्या बाजारात दात बघतात तसे. पानांचा पिवळेपणा, पिनांचा गंज, कोपऱ्याची मुडप. गोष्टीविषयी एक अक्षर कुणी काढलं नाही. एकाला मी विचारलं, या अंकात शेवटी काय होतं? तो म्हणाला, "काका, बॅक कव्हर मिंट आहे. एकदम कोरं." दाराशी एक ढेरपोट्या विद्युतराव बनून उभा, विजारीवर चड्डी घालून, समोसा खात. दुर्गाबाई असत्या तर त्याला शाईत बुडवलं असतं.

त्या सबंध हॉलमध्ये वाचणारी एकच होती. सहा-सात वर्षांची मुलगी, बापाबरोबर आलेली. तिने एका अंकाला हात लावला मात्र, बापाने फाडकन तिच्या हातावर मारलं. "हात नको लावूस! डॅमेज होतं!" पुस्तकाला हात लावला म्हणून पोराला मारतात! मी तिथेच उठून जायला हवं होतं. शाल-श्रीफळ राहिलं होतं, म्हणून बसलो.

मग भिंतीवर पान अकरा दाखवलं, खोलीएवढं मोठं. मुलगा पडतोय, खाली गर्दी वर बघतेय, आणि फुग्यात गेनबाचं अक्षर. काय अक्षर होतं ते! इतकं मोठं करूनही एक रेघ थरथरलेली नाही. ती मुलगी मोठ्याने लावून वाचू लागली, "मु-ला-ला मा-रा रे." आणि बापाला विचारलं, "बाबा, हे चांगले आहेत ना? मग मारा का म्हणतायत?"

हॉल हसून लोळला. मला माइक दिला. मी उभा राहून सांगितलं सगळं. अक्षर होतं, अर्थ नव्हता. पेशवाई, बाई, पेंटर. शिवाय नवीन एक जोडलं: "वृत्तच बघा ना. ‘मुलाला धरा रे’, लघु गुरु गुरु, लघु गुरु गुरु. ‘मारा’ घातलं की ओळ लंगडते. मी असं लिहीन का?" टाळ्या.

"सर, त्या पेंटरचं नाव काय?" कुणीतरी ओरडलं.

"गेनबा."

अनिरुद्धने माइक घेतला. "गिव्ह इट अप फॉर गेनबा! द मॅन हू किल्ड द किड!"

शिट्ट्या वाजल्या. समोसेवाल्या विद्युतरावाने हात कमरेवर ठेवून पोज दिली. मी हसत होतो. फोटो निघत होते, म्हणून हसत होतो.

परत येताना रिक्षात शाल सरोजिनीच्या मांडीवर होती. घराशी उतरताना म्हणाली, "तो विनोद पन्नास वर्षं नोकरी करतोय. आता त्याला निवृत्त करा."

२० जानेवारी

शाल अजून खुर्चीच्या पाठीवर आहे. कुणी घडी घातली नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

अनिरुद्धचा फोन. कालच्या रात्रीपर्यंत म्हणे माझं भाषण चाळीस हजारांनी बघितलं. "सर, यू आर व्हायरल! गेनबाचे मीम्स निघालेत. एकात गेनबा हॉस्पिटलचा बोर्ड रंगवतोय, ‘पेशंटला मारा’." आणि तो स्वतःच हसत सुटला.

"बंद करता येतं का ते?" मी विचारलं.

"का सर?"

"त्या माणसाला मुलंबाळं असतील."

"सर, त्यांना कुठे कळणार आहे? नुसतं गेनबा. आडनावसुद्धा नाही."

खरंच, आडनाव मलाही आठवत नाही. दोन वर्षं शेजारच्या खोलीत बसलो. त्याच्या डब्यातली पिठलं-भाकरी खाल्ली. त्याच्या सायकलची घंटा खराब होती, म्हणून तो तोंडाने ‘ट्रिंग’ म्हणायचा, हे आठवतं. आडनाव नाही.

फोन ठेवताना अनिरुद्ध म्हणाला, कुणी शेफाली म्हणून मुलगी त्या व्हिडिओखाली माझा पत्ता विचारत होती. फॅन असेल, दिला म्हणे.

या लोकांना काही धरबंध नाही. किळस येते.

२६ जानेवारी

सोसायटीचं झेंडावंदन करून आलो तर सरोजिनीने ट्रंक बाहेर ओढून उघडलेली. "अनिरुद्धांचा फोन होता. पुढच्या रविवारी न्यायला येतायत म्हणे, तुमचा कागद. म्हटलं, आहे का तरी बघू."

होता. निळसर-काळ्या शाईतली चिठ्ठी, माझं तेव्हाचं उभट अक्षर. चष्मा सापडेना म्हणून सरोजिनी चिठ्ठी घेऊन खिडकीशी गेली आणि तिने ती उजेडासमोर धरली.

"इथे एवढासा उजेड आरपार येतोय," ती म्हणाली. "ध च्या इथे. खरवडलंय का हो?"

"दुरुस्ती केली असेन."

"कधी?"

मी ट्रंकेचं झाकण लावलं. तिने चिठ्ठी पलंगावर ठेवली आणि ती भाजी टाकायला गेली.

लिहून टाकतो. ही वही कुणी वाचत नाही.

त्या दिवशी मी मंदाक्रांतेत एक कविता करत होतो, एका मासिकासाठी. पान अकराची चिठ्ठी मध्येच आली म्हणून चिडून भराभर लिहिली. वरच्याच चौकटीत गुंडांची टोळी ‘मारा, मारा’ ओरडते. हात तिथेच राहिला असावा. तासाभराने गेनबा आत आला. हातात चिठ्ठी, कानावर टाक. "मास्तर, ह्ये मारा हाय का धरा? पोरगं पडतंय न्हवं?"

मी दुसऱ्या चरणावर अडलो होतो. मान वर न करता म्हणालो, "जसं लिहिलंय तसं काढ. अक्षर तुझं, अर्थ माझा."

तो गेला. कर्र, कर्र, टक्. मुद्रितंही मीच तपासली. सही केली. वाचली नव्हती.

काम झालं की चिठ्ठ्या माझ्याकडे परत यायच्या; बोभाटा झाल्यावर दुर्गाबाईंनी ती संध्याकाळपर्यंत आणून दाखवायला सांगितलं. माझ्या हातात दुपार होती. दुर्गाबाई एका शाळेत माझ्यासाठी शब्द टाकणार होत्या, मराठीच्या जागेसाठी. कवी म्हणून. मी दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा घेतला आणि मा खरवडला. कागद फाटू नये म्हणून श्वास धरून, अगदी हलक्या हाताने. तिथे ध लिहिला. ध चा मा तर अख्ख्या मराठी मुलखाला ठाऊक आहे. मी मा चा ध केला.

वर दुर्गाबाईंना म्हणालो, "वृत्त बघा ना, बाई. ‘मारा’ने ओळ लंगडते. मी असं लिहीन का?"

त्यांना ते पटलं. शिकलेला माणूस वृत्त मोडणार नाही. त्यांनी गेनबाला बोलावून चिठ्ठी त्याच्या समोर धरली. त्याने ती हातात घेतली, डोळ्यांपाशी नेली, लांब धरली, परत जवळ आणली. खूप वेळ. मला वाटलं, हा आता बोलणार. सांगणार की मी मास्तरांना विचारलं होतं.

"ध हाय," तो म्हणाला. "माझंच डोळं फिरलं असत्याल."

मग मागच्या खोलीत गेला, टाक धुतला, पुसला, आणून दुर्गाबाईंच्या टेबलावर ठेवला आणि निघून गेला. पुढे खडकीला पेट्या उचलायच्या कामाला लागल्याचं कानावर आलं. मी त्या शाळेत लागलो. चौतीस वर्षं पोरांच्या वहीतल्या ऱ्हस्व-दीर्घाला लाल शाई लावली.

तेवीस वर्षांचा होतो, हे खरं. घाबरलो होतो, हेही खरं. आणि पहिल्यांदा तो विनोद शिक्षकांच्या खोलीत सांगितला तेव्हा सगळे इतके हसले की मला हलकं वाटलं, हेही खरं.

अनिरुद्ध हातमोजे घालतात ते बरंच आहे. या कागदाला उघड्या हाताने हात लावू नयेच.

२९ जानेवारी, बुधवार

वारज्याला जायला निघालो. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. गेनबा सांगायचा, घरामागे वांग्याचं वावर आणि त्यापलीकडे नदी. आता टॉवरच टॉवर, मध्ये एक मॉल. बस थांबली, कंडक्टर म्हणाला, "आजोबा, वारजे ना?" मी म्हणालो, "नाही, कात्रज."

कात्रजला उतरून डेअरीपाशी ताक प्यायलो आणि परतीची बस धरली. येताना वारजे आलं तेव्हा डोळे मिटून घेतले. झोप लागली नव्हती. अशा वेळी सुचायला नको तरी ओळ सुचत होती, तीही वृत्तात. स्वतःचा वीट आला.

घरी सरोजिनीने विचारलं, "भेटले?"

"पत्ताच नाही."

तिने माझ्या हातात पंचा दिला. मग म्हणाली, "मिशीला ताक लागलंय."

२ फेब्रुवारी, रविवार

पाचला अनिरुद्ध येणार. आता चार वाजून दहा मिनिटं झालीत. चिठ्ठी समोर टेबलावर आहे. वारा येऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली आहे.

सकाळी त्यांनी फोनवर समजावून सांगितलं. चिठ्ठी पांढऱ्या जाड पुठ्ठ्यावर बसवतील, वरून प्लॅस्टिक, चारी बाजूंनी बंद. "एकदा सील झालं की कुणी हात लावू शकत नाही सर. फॉरेव्हर." पुठ्ठ्यावर बसवली म्हणजे उजेडासमोर धरता येणार नाही. मागून आरपार काही दिसणार नाही. दिसेल फक्त ध. ठळक, निळसर-काळा, माझ्या हातचा. शंभर वर्षं तसाच राहील.

महिनाभर या प्लॅस्टिकने मला शिसारी आणली. आज पहिल्यांदाच येत नाही. उलट वाटतं, लवकर या. पाच कशाला, साडेचारलाच या.

सरोजिनीला सांगितलं, देऊन टाकतोय. ती म्हणाली, "तुमचा कागद आहे." मग थोड्या वेळाने, "आणि ध सुद्धा तुमचाच." कणिक मळत होती, वर बघितलं नाही.

दाराची घंटा. लवकर आले वाटतं. सरोजिनी गेली उघडायला. हा परिच्छेद पुरा करून मी

अनिरुद्ध नाहीत.

मुलगी बोलते आहे कुणी तरी. "नमस्कार आजी, मी शेफाली. आम्ही वारज्याहून आलो. आजोबांना तीन जिने चढायला वेळ लागला, बसू दे त्यांना जरा."

खुर्ची ओढल्याचा आवाज. धाप. काठी जमिनीवर टेकली, टक्.

"मास्तर हायेत का घरात?"

बावन्न वर्षांनी. आवाज पिचलाय, पण तोच आहे. मी आतल्या खोलीत लिहितो आहे, कारण लेखणी खाली ठेवली तर उठावं लागेल.

"बाई, मी गेनबा. छापखान्यात अक्षरं काढायचो. नातीनं मोबाइलवर मास्तरांचं भाशान दावलं. लई वाईट वाटलं. माझ्या चुकीपायी मास्तरांच्या लिवण्याला लोक हसत्यात अजून. तवा माफी मागायची ऱ्हाऊन गेली. म्हनलं, जायच्या आदी मागावी."

सरोजिनीने पाण्याचा तांब्या ठेवल्याचा आवाज. तिने काहीतरी बोलावं.

"आन् येक मागनं हाय. त्यो कागुद मास्तरांनी जपलाय, आसं ह्या पोरीला त्या साहेबानं कळवलं. त्या दिशी मला सपष्ट मारा दिसलं व्हतं, बाई. म्हनून इचाराया गेलो. आन् मागनं बघतो तर धरा! तवापास्नं टाक हातात धरला न्हाई. डोळ्यांचा भरवसाच गेला. नातवंडांच्या पाटीवर सुदीक अक्षर काढून दिलं न्हाई. आता दिवाळीला दोनी डोळ्यांचं मोतीबिंदू काढलं. लख दिसतंय. येकडाव बघू द्या मला त्यो ध. उजेडात धरून. म्हंजी मन मोकळं हुईल."

"धरा ना," सरोजिनी म्हणाली. मग तिचा आवाज माझ्या दिशेने वळला. "अहो. बाहेर या. गेनबा आलेत. येताना तो कागद घेऊन या. आणि खिडकी मी उघडते."